सकाळची लॅब, रात्रीचं वाचन

घरात कॉम्प्युटर शिकणारं कुणी असेल, तर हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेलाच असेल: दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसून ही मुलं नेमकं करतात काय? मेडिकलच्या मुलीचा ॲप्रन दिसतो, आर्किटेक्चरच्या मुलाची ड्रॉइंग शीट दिसते, कॉमर्सवाल्याच्या वहीत ताळेबंद दिसतो. इथे मात्र काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेलं आपलं मूल. अभ्यास चाललाय की नुसता वेळ चाललाय, बाहेरून काही कळत नाही. मग आपण विचारतो, "झालं का?" आणि ठरलेलं उत्तर मिळतं, "होतंय."

या वेळी अशा एका दिवसात जरा आत शिरून बघू. मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाची, घर इंदूरचं. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, लॅबमध्ये इंग्रजी. लॅपटॉप एकच, तोही मोठ्या भावाच्या कामातून मोकळा झाला तर. ही कुणी एक खरी मुलगी नाही. अनेक घरांतून थोडं थोडं घेऊन तिचा दिवस उभा केला आहे. वडोदरा, हैदराबाद, बेळगाव किंवा नाशिकमध्येही तो फारसा वेगळा नसतो.

दोन तास, एक प्रोग्रॅम

सकाळी लॅबच्या दाराबाहेर चपला-बुटांची रांग लागते. आत गारवा, पंख्यांची घरघर, अक्षरं पुसट झालेले कीबोर्ड. वर्गाच्या बॅचेस पाडलेल्या असतात, आणि तिच्या बॅचच्या वाट्याला दोन तास येतात. फळ्यावर आजचं काम लिहिलेलं आहे: सहा विषयांचे गुण घ्या, बेरीज करा, टक्केवारी काढा. भाषा सी.

तुम्ही म्हणाल, हे तर सातवीतलं गणित! गणित सातवीतलंच आहे. पण ते अशा कुणाला तरी समजावून सांगायचं आहे, ज्याला स्वतःहून काहीच कळत नाही. "साधारण असं कर" हे त्याला चालत नाही. प्रत्येक संख्येसाठी आधी जागा राखायची, तिला नाव द्यायचं, आत पूर्णांक राहणार की दशांश तेही सांगायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम हवा. आपण पत्रात पूर्णविराम विसरलो तर वाचणारा समजून घेतो. इथे समजून घेणारं कुणी नाही.

तिनं प्रोग्रॅम टाइप केला आणि कंपायलरकडे दिला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. त्यानं सात तक्रारी केल्या. शेजारच्या मुलाकडे तीनच. तिचा चेहरा उतरला. खरं तर सात तक्रारी म्हणजे सात चुका नव्हेत. वरच्या एका ओळीत गडबड झाली की खालच्या ओळीही दुभाष्याला कळेनाशा होतात. म्हणून जाणते लोक नेहमी पहिली तक्रार आधी सोडवतात. ती सुटली की पुढच्या बऱ्याच आपोआप नाहीशा होतात.

अर्ध्या तासानं तक्रारी संपल्या. प्रोग्रॅम चालला. तिनं ६०० पैकी ४३७ गुण होतील असे आकडे घातले. पडद्यावर टक्केवारी आली: शून्य.

हे शून्य का आलं?

या शून्यापाशी थोडं थांबू, कारण प्रोग्रॅमिंग शिकणं म्हणजे काय ते इथे दिसतं. सूत्र तिनं बरोबर लिहिलं होतं: मिळालेले गुण भागिले एकूण गुण, गुणिले १००. कंपायलरची काही तक्रार नव्हती. तरी उत्तर शून्य.

कारण असं. ४३७ आणि ६०० हे दोन्ही आकडे तिनं पूर्णांक म्हणून जाहीर केले होते. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच मिळतं. दशांशचिन्हाच्या पुढचं सगळं टाकून दिलं जातं. ४३७ भागिले ६०० म्हणजे ०.७२ आणि काही. त्यातला पुढचा भाग गेला, राहिलं शून्य. मग शून्याला १०० नं गुणा नाहीतर १००० नं, हाती शून्यच.

आधी १०० नं गुणून मग भागलं, तर ७२ मिळतात. आणि १०० च्या जागी १००.० लिहिलं तर दशांश टिकतो आणि ७२.८३ मिळतात. एक टिंब आणि एक शून्य, एवढ्याचाच फरक.

गंमत इथेच संपत नाही. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी नावाचा निळ्या पडद्याचा कंपायलर वापरला गेला. हा १९८७ मध्ये बाजारात आलेला. त्याच्यात साध्या पूर्णांकाची धाव ३२,७६७ पर्यंतच. ४३७ गुणिले १०० म्हणजे ४३,७००. हा आकडा त्या डब्यात मावत नाही, उलटून ऋण होतो, आणि टक्केवारी येते उणे ३६. सूत्र तेच, गणित तेच. पण आत काय घडतं हे ज्याला माहीत नाही, तो डोकं धरून बसेल.

चुका दोन जातींच्या असतात हे यातून कळतं. पहिली जात दुभाषी पकडून देतो. दुसरी जात गुपचूप चुकीचं उत्तर देते, आणि ती फक्त वाचणाऱ्याला सापडते. ती मुलगी त्या शून्याकडे वीस मिनिटं नुसती बघत बसली होती, ती या दुसऱ्या जातीच्या चुकीच्या शोधात. बाहेरून तो वेळ रिकामा दिसतो. पण सबंध दिवसातला सगळ्यात भरलेला वेळ तोच.

चुकांची वही

"बग" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या कॉम्प्युटरच्या एका रिलेमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवला आणि बाजूला लिहून ठेवलं की बग प्रत्यक्ष सापडण्याची ही पहिलीच वेळ. बग हा शब्द इंजिनिअर त्याच्या आधीपासून वापरत होते, म्हणून तर त्यांना हा विनोद सुचला. ते नोंदवहीचं पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

या गोष्टीतला पतंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. आपण नोंदवही लक्षात ठेवू. चूक सापडली, तर तारीख-वेळ घालून लिहून ठेवायची, ही त्या लोकांची रीत होती.

आपल्या मुलीनंही अशी एक साधी दोनशे पानी वही करावी. डाव्या पानावर: आज काय बिघडलं. उजव्या पानावर: का बिघडलं. शून्य टक्केवारीची गोष्ट तिच्यात आली की ती पुन्हा कधी विसरली जात नाही. "एक बरोबरचं चिन्ह लिहिलं, दोन हवी होती" हेही तिच्यात येईल. सी भाषेत एक चिन्ह म्हणजे "ही किंमत ठेव" आणि दोन चिन्हं म्हणजे "किंमत तेवढीच आहे का ते बघ". गुण ३५ आहेत का असं विचारायच्या जागी एकच चिन्ह पडलं, तर प्रोग्रॅम प्रत्येकाचे गुण ३५ करून टाकतो. वर्गात कुणी नापासच होत नाही!

मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांना या वहीचा आणखी एक उपयोग होतो. कंपायलरच्या तक्रारी इंग्रजीत असतात, आणि लाल अक्षरांतली इंग्रजी ओळ दिसली की पुष्कळ मुलं ती वाचायच्या आधीच पुसून टाकतात. "मला इंग्रजी येत नाही, म्हणून मला प्रोग्रॅमिंग येणार नाही" असा समज इथूनच सुरू होतो. खरं तर या तक्रारींची भाषा अगदी तोकडी आहे. तेच तेच पंधरा-वीस शब्द फिरून फिरून येतात. "एक्स्पेक्टेड" म्हणजे इथे काहीतरी हवं होतं, ते नाही. "अनडिक्लेअर्ड" म्हणजे हे नाव तुम्ही आधी सांगितलंच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर हे शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ लिहीत गेलं, तर महिन्याभरात ती लाल ओळ कुणा परक्याची वाटत नाही. ओळ क्रमांक बघायचा, पहिला शब्द बघायचा, आणि मग त्या ओळीच्या वरची ओळही बघायची. कारण अर्धविराम विसरला वरच्या ओळीत, तरी दुभाषी अनेकदा अडखळतो खालच्या ओळीत.

दुपार वाचनालयात

दुपारी लेक्चर संपल्यावर ती वाचनालयात जाते. इथे पालकांना आणखी एक कोडं पडतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्याला पुस्तकं कशाला? सगळं इंटरनेटवर नसतं का?

असतं, पण तुकड्यातुकड्यांनी असतं. सी भाषा घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांचं या भाषेवरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये. जेमतेम पावणेतीनशे पानांचं. नव्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम म्हणून जगाला नमस्कार करणारी एक ओळ छापायची, ही जगभरातली प्रथा याच पुस्तकानं रूढ केली. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या "लेट अस सी" या पुस्तकाची पानं उलटत विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. इंदूर असो की कोलकाता, वाचनालयातल्या त्याच्या प्रती हाताळून मऊ झालेल्या दिसतात.

अशी पुस्तकं कादंबरीसारखी वाचून चालत नाही. एका पानाला अर्धा तास लागला, तर तो वाया गेलेला नसतो. हातात पेन्सिल, शेजारी कोरा कागद. कागदावर तक्ता आखायचा: प्रत्येक नावासाठी एक रकाना. मग प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायची आणि यंत्रानं केलं असतं ते आपण करायचं, रकान्यातला जुना आकडा खोडून नवा लिहायचा. याला ड्राय रन म्हणतात. लॅपटॉप लागत नाही, वीज लागत नाही. घरात लॅपटॉप नाही म्हणून ज्याला कमीपणा वाटतो, त्यानं हे जरूर लक्षात ठेवावं.

एके काळी दुसरा मार्गच नव्हता. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात झाली. त्या काळी प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एका कार्डावर ८० अक्षरांची जागा, साधारणपणे एक ओळ एका कार्डावर. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपला नंबर लागण्याची वाट बघायची. एखादं अक्षर चुकलं की पुन्हा कार्ड, पुन्हा रांग. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी माणूस आपलाच प्रोग्रॅम चार-चारदा वाचत असे.

आज रनचं बटण दाबलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर येतं. ही मोठीच सोय. पण तिच्याबरोबर एक खोडही लागली: न वाचता बटण दाबायचं, काहीतरी बदलायचं, पुन्हा दाबायचं. अशा तऱ्हेनं प्रोग्रॅम कधीतरी चालतो. का चालला ते मात्र कळत नाही.

सहीची फाइल

आता जी गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक असते आणि घरी कुणी सांगत नाही, तिच्याकडे येऊ. प्रत्येक प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहावा लागतो. महाराष्ट्रात तिला जर्नल म्हणतात, मध्य प्रदेशात प्रॅक्टिकल फाइल. त्यावर सरांची किंवा मॅडमची सही, आणि त्या सहीवर गुण. सत्राच्या शेवटी एक सुबक फाइल वर्गभर फिरते आणि बाकीच्या सगळ्या फायली तिच्यावरून उतरतात. आता तर फाइल फिरवायचीही गरज नाही. एआयला प्रश्न दिला की तयार प्रोग्रॅम मिळतो, तोही बहुतेक वेळा चालणारा.

याचा तोटा लगेच दिसत नाही, म्हणूनच तो मोठा आहे. पहिल्या सत्रात गुण नीट मिळतात. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर हा विषय येतो. माहिती कशी रचून ठेवायची, म्हणजे पटकन सापडेल, त्याचा हा अभ्यास. दहा लाख नावांची अकारविल्हे यादी असेल, तर मधलं नाव बघायचं, हवं ते नाव आधी येतं की नंतर ते ठरवायचं, अर्धी यादी सोडून द्यायची. असं करत वीसेक पायऱ्यांत कोणतंही नाव सापडतं. ही युक्ती ऐकायला सोपी. लिहायला बसलं की एकेक पायरी स्वतः विचार करून बांधावी लागते, आणि पहिल्या वर्षी नुसतं उतरवून काढलेल्या मुलाच्या पायाखाली तिथे काहीच नसतं. वडिलांनी फी भरलेली असते, घरात सगळ्यांना मुलगा हुशार वाटत असतो. मग मूल गप्प होतं. पालकांना वाटतं, वयच तसं आहे.

म्हणून एक साधी कसोटी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक फाइल उघडतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "ही ओळ काढली तर काय होईल?" ज्यानं स्वतः लिहिलं, स्वतः चुकलं, त्याच्याकडे उत्तर असतं. एआयची मदत घ्यायला हरकत नाही, आधी स्वतः अर्धा तास झगडून मग घ्यावी. आणि मिळालेल्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारावा. एखाद्या ओळीचं उत्तर देता आलं नाही, तर ती ओळ अजून आपली झालेली नाही.

संध्याकाळी घरातल्यांचं काम

इथे तुम्ही म्हणाल, आम्हाला यातलं काही कळत नाही, आम्ही काय मदत करणार? उलट, कळत नाही म्हणूनच करू शकता.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या "द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर" या १९९९ च्या पुस्तकामुळे एक युक्ती प्रसिद्ध झाली. टेबलावर रबराचं एक बदक ठेवायचं आणि आपला प्रोग्रॅम त्याला एकेक ओळ करून समजावून सांगायचा. बदक काही बोलत नाही. पण मोठ्यानं सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच ऐकू येते. मनातल्या मनात वाचताना डोळा घाईघाईनं पुढे जातो. सांगताना प्रत्येक ओळीपाशी थांबावंच लागतं.

आपल्या घरांत बदकाची गरज नाही. आजी आहे, आजोबा आहेत, भाजी निवडत बसलेली आई आहे. समजा, सातचा पाढा छापणारा प्रोग्रॅम त्रेसष्टलाच थांबतोय. मुलगी आजीला सांगायला बसते: "एकपासून सुरू करायचं, आकडा दहापेक्षा लहान आहे तोवर सातनं गुणून छापायचं, मग आकडा एकानं वाढवायचा." आजी विचारते, "मग सात दाहे सत्तर कधी म्हणणार?" मुलगी तिथेच थबकते. दहापेक्षा लहान! म्हणजे नऊलाच थांबणार. "दहा किंवा दहापेक्षा लहान" असं हवं होतं. आजीला सी भाषेतलं अक्षर येत नाही, पण पाढा येतो, आणि त्या क्षणी तेवढंच लागत होतं.

त्यामुळे "झालं का?" या प्रश्नाऐवजी "आज कुठे अडलं?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, दुसऱ्याला एक गोष्ट असते.

शिकवणी लावण्याआधी फुकटचं आणि चांगलं काय आहे तेही बघून घ्या. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल नावाचा प्रकल्प आहे. त्यात सी, पायथन, लिनक्स अशा विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मिळतात, आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत. व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, स्वतः करून पाहायचं, अशी त्याची पद्धत. आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांची सविस्तर व्याख्यानं एनपीटीईएलवर मोफत ऐकता येतात. इंदूर किंवा हैदराबादमध्ये वाढलेल्या ज्या मुलांना घरची भाषा जवळची आणि लॅबची भाषा जड वाटते, त्यांनी आधी मराठीतला धडा बघून कल्पना समजून घ्यावी आणि मग तोच भाग इंग्रजी पुस्तकात वाचावा. दुसऱ्या वाचनाला तेच पान निम्म्यानं हलकं होतं.

येत्या रविवारी एवढं करून बघा. लॅपटॉप बंद ठेवायचा. मुलानं किंवा मुलीनं आपला एखादा दहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर हातानं लिहायचा आणि जेवणानंतर घरातल्या कुणालाही, अगदी पाचवीतल्या भावंडालाही, पहिल्या ओळीपासून सांगायचा. ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये एकच प्रश्न विचारायचा: "ही ओळ काढली तर?" जिथे उत्तर अडेल, त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करायची. सोमवारी लॅबमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी तीच ओळ उघडायची.